तुम्ही विचारलंत म्हणून : रात्री आईजवळ कोण असतं?

महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात. कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणाची एकटी राहणारी आत्या. "ताई, तुम्ही इतकी वर्षं हॉस्पिटलात काढलीत. आता घरी जमत नाही हो. चांगला वृद्धाश्रम कसा ओळखायचा? तिथे नीट बघतील ना?" विचारताना आवाज खाली गेलेला असतो, चोरी केल्यासारखा. म्हणून आधी तेच सांगते. दोन खोल्यांचं घर, नवराबायको दोघं सकाळी सातच्या लोकलला, आणि आई रात्रीतून पाच वेळा उठून कडी काढायला जाते, अशा घराला मदत लागतेच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मी ३१ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात होते, शेवटची काही परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स म्हणून. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सासूबाईंनी शिकवलं.

त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर पूर्व उपनगरातल्या एका केअर होममध्ये त्यांना महिनाभर ठेवायचं ठरलं. जागा चकचकीत होती. एसी, टीव्ही, दारात गणपती, त्याला रोज ताजं जास्वंद. ड्यूटी संपली की मी पाच ते सहा जाऊन बसायचे. सासूबाई आंघोळ घातलेल्या, वेणी घातलेली, पायात मोजे. मी समाधानाने घरी यायचे. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाय जळतोय गं." मी मोजा काढला. उजव्या टाचेवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळसर जांभळा डाग होता. बाजूची कातडी बोटाने दाबून बघितली. धड कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते आणि मग रंग धरते. ही लालच राहिली. म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा झाली होती. रात्र रात्र ती टाच गादीवर एकाच जागी पडून होती.

रात्रपाळीला दोन मजल्यांवरच्या १४ पेशंटना मिळून एकच मावशी होती. बदली आली नव्हती, त्यामुळे सकाळी आठपासून तीच उभी होती. माझ्यासमोर ती रडली. मी तिच्यावर चिडू शकले नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा प्रत्येक पेशंटला चार-पाच वेळा हात लावायचा. १४ माणसांना एकटी बाई ते कसं करणार? ती जखम भरायला चार महिने लागले. आणि मी, वॉर्डात दुसऱ्यांच्या पेशंटच्या टाचा रोज तपासणारी, आठ दिवस घरच्या माणसाच्या पायावरचा मोजा काढला नव्हता. ते अजून टोचतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं, की रात्रीचं विचारा. दिवसा दाखवतात ते बघाच, पण रात्री किती पेशंटमागे किती मावश्या असतात, त्या किती वाजल्यापासून ड्यूटीवर आहेत आणि बदली आली नाही तर कोण उभं राहतं, हे विचारा. जमलं तर नऊ-साडेनऊला सांगून जा. खाटेची बेल दाबा आणि घड्याळ बघा. झोपून असलेल्या पेशंटचा पोझिशन चार्ट, म्हणजे किती वाजता कूस बदलली त्याच्या नोंदीचा कागद, मागा. दहा, बारा, दोन, चार, सगळ्या खुणा एकाच पेनाने एकाच दमात केलेल्या दिसल्या तर तो चार्ट सकाळी बसून भरलाय. वॉर्डात असे चार्ट मी खूप पाहिलेत.

"आमच्याकडे सगळे शांत झोपतात" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर मी सावध होते. म्हातारी माणसं रात्री उठतात. लघवीला उठतात, घर समजून दार शोधतात. वीस माणसं सलग आठ तास शांत झोपत असतील तर गोळी कोणती देता, हे विचारायलाच हवं. झोपेच्या गोळीने झोप पुरती येत नाही आणि पुरती जातही नाही. अर्धवट गुंगीत माणूस बाथरूमकडे निघतं, तोल जातो, आणि पुन्हा खुबा. तुमच्या आईला देतात त्या प्रत्येक गोळीचा डॉक्टरच्या सहीचा कागद बघा. मनगटावर बँडेजचा वळ दिसला, खुर्चीला ओढणी बांधलेली दिसली, तर तिथून परत या. "पडू नये म्हणून बांधतो" हे उत्तर मला कधी पटलं नाही. बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं आणि जास्त वाईट पडतं. ठेंगणी खाट, बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा, भिंतीला धरायला दांडी, आणि हाक मारल्यावर येणारं माणूस. पडणं बऱ्याच अंशी एवढ्याने टळतं.

आणखी एक. कालपर्यंत नीट बोलणारी आई आज अचानक बरळायला लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देणारी जागा नको. पुष्कळदा लघवीत जंतू झालेले असतात किंवा पाणी पोटात गेलेलं नसतं. म्हातारपणी तहान कळत नाही, आणि मुंबईच्या मे महिन्यात ते महागात पडतं.

चांगली जागा असते का? असते. बोरिवलीच्या एका साध्या आश्रमात, रंग उडालेल्या भिंतींच्या खोलीत, एक मावशी नव्वदीच्या आजींना वरणभात भरवत होत्या. पाठीला दोन उश्या, आजी ताठ बसलेल्या, हनुवटी जरा खाली. एक छोटा घास, मग थांबणं. "गिळलं का आजी? आ करा बघू." गालात भात उरलेला दिसला की पुढचा घास नाही. अर्ध्या वाटीला वीस-पंचवीस मिनिटं लागली. जेवण झाल्यावरही अर्धा तास आडवं केलं नाही. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून. त्या मावशींना कुणी पाच पेशंट एका वेळी भरवायला दिले असते, तर त्यांनाही असं जमलं नसतं. म्हणून मावश्यांना पगार वेळेवर मिळतो का, जेवायला आणि पाठ टेकायला जागा आहे का, हेही मी विचारते. मालकांना आवडत नाही, तरी विचारते.

कागदांचं थोडक्यात. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करत असतील, तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी मागा. मुंबईत ती महापालिका करते. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत लागतो, तोही बघा, आणि झोपून असलेल्यांना कितव्या मजल्यावर ठेवलंय ते विचारा. सरकारी सोय विचारता, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी आश्रमाची तरतूद आहे, पण ती निराधारांसाठी. काही वावगं दिसलं आणि कुणाला सांगावं कळेना, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

आणि आईला ठेवल्यावर भेटायला जाल तेव्हा बॅगेत खोबरेल तेलाची बाटली ठेवा. मोजे काढा, पायांना तेल लावा, लावता लावता टाचा, घोटे बघून होतात, आईलाही बरं वाटतं. कुशीला वळवून माकडहाडही बघा. लाल जागा दिसली तर ती चोळू नका, लगेच मावशींना बोलावून दाखवा. टाच लाल असेल तर ती गादीला टेकणार नाही अशी पोटरीखाली उशी द्यायला सांगा.