क्विन्सी ते माँटिसेलो: दोन माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्रांमागे

बॉस्टनहून मेट्रोच्या रेड लाइनने मी क्विन्सी सेंटरला उतरले, ॲडम्स कुटुंबाची घरं पाहायला. आधी दोन बुटकी लाकडी घरं दाखवतात. एकात १७३५ मध्ये जॉन ॲडम्स जन्मले, शेजारच्या घरात १७६७ मध्ये त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी. बापलेक दोघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ही घरं लवकर पाहून होतात. मला ओढ होती ती ‘पीसफील्ड’ या पुढच्या घराची, कारण जॉन ॲडम्सनी त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना म्हातारपणी लिहिलेली पत्रं तिथून निघाली.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी खांद्याला खांदा लावून झटलेले हे दोघे पुढे राजकारणात एकमेकांना अगदी पारखे झाले. १८०० ची निवडणूक राष्ट्राध्यक्ष ॲडम्स हरले, जेफरसन जिंकले आणि १८०१ मध्ये शपथविधीच्या पहाटेच ॲडम्स वॉशिंग्टन सोडून निघून गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं अबोला.

हा अबोला आधी मोडायला गेल्या त्या जॉनच्या पत्नी अबिगेल ॲडम्स. जेफरसनची धाकटी लेक पॉली आठ वर्षांची असताना लंडनला त्यांच्याकडे राहिली होती. सोबत होती सॅली हेमिंग्ज, जेफरसनच्या घरची गुलाम असलेली किशोरवयीन मुलगी. तीच पॉली १८०४ मध्ये ऐन पंचविशीत गेली, तेव्हा अबिगेलना राहवलं नाही. त्यांनी जेफरसनना सांत्वनाचं पत्र लिहिलं, तेही नवऱ्याला न सांगता. उत्तर आलं, पण दोन-चार पत्रांतच जुनं राजकारण वर आलं आणि पत्रव्यवहार थांबला. जॉननी तो सगळा नंतर वाचला.

पीसफील्डच्या वरच्या मजल्यावर ॲडम्सची अभ्यासिका आहे. आखरीच्या आजारात ते जिथे बसून असत ती उंच पाठीची, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या कडा असलेली खुर्ची तिथे अजून आहे. मी दारातून ती खुर्ची बराच वेळ पाहत राहिले. बागेच्या कडेला दगडी ग्रंथालय आहे. कागद आगीपासून वाचावेत म्हणून ते घरापासून वेगळं बांधलं. जमिनीपासून छतापर्यंत नुसती पुस्तकं. कुटुंबाचे मूळ कागद मात्र आता बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. जॉन आणि अबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली हजाराहून जास्त पत्रंही त्यातच आहेत.

दोघांना पुन्हा लिहितं केलं ते डॉ. बेंजामिन रश यांनी. दोघांचे मित्र, आणि मोठे चिकाटीचे. १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सनी पत्र धाडलं: घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय. ते होते त्यांच्या मुलाच्या वक्तृत्वावरच्या व्याख्यानांचे दोन खंड! पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसननी खरंच कापड समजून व्हर्जिनियातल्या सूतकताईवर आणि मागांवर मनापासून लिहून पाठवलं. तुटलेली मैत्री याहून गोड रीतीने जुळल्याचं माझ्या वाचनात नाही.

उत्तरं जिथून येत, ते जेफरसनचं व्हर्जिनियातलं घर, माँटिसेलो, मी पुढे पाहिलं. जेफरसनच्या खोलीत ‘पॉलिग्राफ’ नावाचं यंत्र आहे: दोन पेनं दांड्यांनी जोडलेली, दोन कागद शेजारी-शेजारी. एक पेन हातात धरून लिहावं, दुसरं तेच शब्द तसेच उमटवतं. पत्र जाई क्विन्सीला, नक्कल राही घरी. आयुष्यात त्यांनी सुमारे १९,००० पत्रं लिहिली, असं मानतात.

१८१३ मध्ये ॲडम्स लिहितात, आपापली बाजू एकमेकांना समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये. मग पत्रांत धर्म आला, ग्रीक भाषा आली, सरदारशाही आली. १८१८ मध्ये अबिगेल गेल्या. जेफरसननी तेव्हा जे लिहिलं ते वाचताना माझे डोळे भरून येतात. पत्नी आणि सहापैकी पाच मुलं गमावलेला हा माणूस लिहितो की अशा दुःखावर शब्दांचा उपयोग नाही, काळ आणि मौन हेच औषध.

एका विषयावर मात्र ही मैत्री तोकडी पडली. माँटिसेलोत घरालगतच मलबेरी रो आहे, गुलामांच्या राहण्याच्या आणि कामाच्या जागांची ओळ. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. ॲडम्सनी कधी गुलाम ठेवला नाही. १८२१ च्या पत्रात ते गुलामगिरीला देशावर अर्धशतक घोंगावणारा काळा ढग म्हणतात आणि लगेच तो प्रश्न दक्षिणेच्या लोकांवर सोपवून मोकळे होतात. मलबेरी रोवर उभं राहिल्यावर मला हे फार लागलं. सगळं बोलू शकणाऱ्या दोघांनी इथेच हात आखडता घ्यायला नको होता.

दोघेही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी. शेवटच्या पत्रांत मात्र निरवानिरवीची भाषा नाही. मार्चमध्ये जेफरसननी लिहिलं होतं, माझा नातू बॉस्टनला येतोय, त्याला तुम्हाला भेटायचंय. नातू भेटून गेल्यावर १७ एप्रिलला ॲडम्सनी उत्तर दिलं: तुम्ही व्हर्जिनियावाले एवढे धिप्पाड कसे, त्याच्यापुढे आम्ही न्यू इंग्लंडचे लोक अगदी खुजे दिसतो! आणि त्याच पत्रात तक्रार, की देशाचा कारभार नेहमीसारखाच चाललाय, तीच लबाडी, फक्त वैयक्तिक शिवीगाळ पूर्वीपेक्षा वाढलीये. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते त्यांचेच चिरंजीव.