भाकरी सुरू केली, तरी शुगर का उतरत नाही?

"गव्हाची पोळी बंद केली, ज्वारीवर आलो, तरी शुगर तिथंच. असं कसं?" मी लातूरला आहारसल्ल्याचं काम करते आणि साठीच्या आसपासची माणसं मला हे सारखं विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्वारी चांगलीच आहे. पण 100 ग्रॅम ज्वारीत फायबर, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो ते, साधारण 10 ग्रॅम असतं. न चाळलेल्या कणकेतही जवळपास तेवढंच. पिष्टमय पदार्थ (कर्बोदकं) दोन्हीकडे 65 ग्रॅमच्या आसपास. तेव्हा पोळी गेली, भाकरी आली आणि बाकी ताट तेच राहिलं, तर शुगरला उतरायला फारसं कारणच मिळत नाही. म्हणून मी आधी कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबत तोंडी लावायला, काय होतं ते विचारते. उत्तर ठरलेलं असतं: ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फार तर पातळ वरण. पोरं पुण्याला गेली की एकट्या आजी स्वतःपुरती भाजी टाकत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

वरण तर रोज असतं, असं तुम्ही म्हणाल. पण अख्ख्या तुरीत 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून जास्त फायबर असतं आणि साल काढून डाळ केली की ते 9 च्या आसपास येतं. आमच्या डाळ मिलमधून निघालेली चुनी, म्हणजे साल आणि चुरा, जनावरांच्या खुराकात जाते. म्हणून मी मटकी, मूग, हुलगे, हरभरे सालीसकट खा म्हणते.

वयाचा संबंध असा. साठीनंतर अंगातलं मांस घटत जातं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायूच. ते कमी झाले की चाळिशीत सहज जिरणाऱ्या दोन भाकरी आता शुगर चढवतात. गवार, कडधान्यं, जवस यांतलं विरघळणारं फायबर पोटात बुळबुळीत होतं आणि साखर रक्तात सावकाश जाते. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातून जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसतं. कडधान्यांचं तर आणखी एक आहे: सकाळी उसळ खाल्ली, तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते. हे 1980 च्या दशकापासून अभ्यासांत दिसलंय. शिवाय स्नायूंना लागणारी प्रथिनंही त्यातच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर आणि 400 ग्रॅम भाज्या-फळं सांगितली. दोन भाकरींतून यातलं जेमतेम निम्मं फायबर येतं.

उरलेलं कसं भरायचं ते आपल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, दिसतं. शेतात भज्जी होते, त्यात तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, गाजर, चिंचेचं पाणी आणि वर थोडं बेसन. पळी उभी राहील अशी दाट. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. त्या दिवशी ताटात भज्जी जास्त असते, उंडा बेताचा. हेच प्रमाण मला तुमच्या रोजच्या ताटात हवंय. रोज भज्जी होणार नाही, कबूल. वाटीभर उसळ आणि वाटीभर करडईची, अंबाडीची नाही तर तांदुळजाची भाजी तर होईल? भाकरी दोनावरून दीडवर, मग एकावर आणा. चावत नसेल तर उसळ मऊ शिजवून घोटा किंवा हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, करा.

एकदम वाढवू नका, पोट फुगतं आणि मग माणूस सगळंच सोडून देतो. दर आठवड्याला थोडं वाढवा. म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून पाणी आठवणीनं प्या. किडनीचा त्रास असेल तर कडधान्यं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर भाकरी कमी करण्याआधीच त्यांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. मधेच घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर किंवा गूळ खा आणि त्यांना फोन करा.