साइन लागली होती, तरी मी उभी होते

"सीटबेल्टची साइन लागली होती ना? मग तू उभी कशी?" विमानात केबिन क्रूचं काम करताना माझा घोटा मोडला, तेव्हापासून हे आत्यानं विचारलं, फिजिओनं विचारलं, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलं. दर वेळी "कामच तसं असतं" म्हणून मी सुटले. परवा पुन्हा कुणीतरी विचारलं, म्हणून आता सगळं सांगते.

साइन लागली की प्रवाशांनी बसायचं. आम्ही कधी बसायचं ते कॅप्टन सांगतात, आणि हादरे वाढले तर आमचं आम्ही. हे मला तोंडपाठ होतं.

जुलै महिना, नागपूर–मुंबई, त्या दिवसातलं माझं चौथं सेक्टर, म्हणजे चौथं उड्डाण. उड्डाण जेमतेम दीड तासाचं. चढणं-उतरणं सोडलं तर खाणं-पिणं देण्याच्या सर्व्हिसला 40 मिनिटं. 180 प्रवासी आणि आम्ही चौघी, म्हणजे 50 सीटांमागे एक, नियमात बसतं तेवढंच. त्यात सुरुवातीच्या हादऱ्यांमुळे सर्व्हिस उशिरा सुरू झाली.

साइन लागली तेव्हा आम्ही कार्ट घेऊन मागच्या रांगांत होतो. कार्ट आइलमध्ये, म्हणजे सीटांमधल्या वाटेत, सोडून बसता येत नाही. ती भरलेली असली की माणसापेक्षा जड असते. गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, नेऊन लॉक करायची, मग बसायचं. तीन रांगा उरल्या होत्या. एका आजींनी गोळी घ्यायला गरम पाणी मागितलं. मी लाल पॅडल दाबून ब्रेक लावला आणि ग्लास घेतला. फार तर दहा सेकंद गेले असतील.

पायाखालून विमान निघून गेलं. मी वर गेले, कार्टही वर गेली. ब्रेक फक्त चाकं धरतो. मी आधी खाली आदळले, मग ती, माझ्या घोट्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला तो माझा आहे हे लगेच कळलंच नाही. आजींना भाजलं का, एवढं मी विचारल्याचं आठवतं. सहकारी मैत्रिणीनं एकटीनं कार्ट ओढून नेली. मुंबईत चाकं टेकेपर्यंत मी आइलमध्ये जमिनीवर पडून होते, दोन प्रवाशांनी माझे खांदे धरून ठेवले होते. मागचा उजवा दरवाजा माझा होता आणि त्याच्याजवळची माझी जंप सीट, म्हणजे क्रूची घडीची सीट, रिकामी होती. निम्मे दरवाजे बंद आहेत असं धरून 90 सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, हे शिकवून ज्या दारासाठी मला विमानात घेतलं, त्या दारात मी नव्हते.

कॅप्टनना मी दोष देत नाही. रडारवर पाऊस दिसतो, हवेतला प्रत्येक खड्डा दिसत नाही. पण सर्व्हिस अर्धी राहिली तर तक्रार येते, विक्रीचा आकडा विचारला जातो, हे खोटं आहे का?

आणि हेही खरं, की लीडनं, म्हणजे आमच्या क्रूप्रमुखानं, विचारलं होतं, "अर्ध्यातच थांबवू या का?" मीच म्हटलं, "होईल."

ट्रेनिंगमधली बावीस वर्षांची मी असते तर ओरडले असते, आधी बस. तिला मी सांगते, तुझं घर अजून उड्डाणभत्त्यावर चालत नाही. दोन महिने आधी अशाच झटक्यानं माझी पाठ धरली होती. रोस्टरवरून, म्हणजे ड्युटीच्या यादीतून, काढतील म्हणून मी रिपोर्टच भरला नाही. ती म्हणते, भरायला हवा होतास. मी म्हणते, भरून काय झालं असतं? तिच्याकडे उत्तर नाही, पण ती गप्पही बसत नाही.

अपघाताच्या फॉर्मवर उभं असण्याचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, "प्रवाशाला पाणी देत होते." सर्व्हिस उशिरा सुरू झाली होती, आणि "होईल" मी म्हटलं होतं, यातलं काहीच लिहिलं नाही.