कोल्हापूर–गगनबावडा–करूळ घाट: रेडिएटरचा फॅन बंद असेल तर

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. बालिंग्याचा पूल ओलांडल्यावर कळे गावापर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. गाडी साठच्या वेगाने पळत असेल तर समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो आणि फॅन बंद असला तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा हलत नाही. गळीत हंगामात कुडित्र्याच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगू लागली की दोष उघडा पडतो. या फेरीत तेच झालं. काटा अर्ध्याच्या वर गेला, एसीतून कोमट हवा यायला लागली आणि मोकळा रस्ता मिळताच दोन्ही पूर्ववत झालं. थांबलं की तापते आणि पळवली की निवते, तर आधी फॅनवर संशय घ्यावा. कूलंट कमी असेल किंवा थर्मोस्टॅट (कूलंटचा मार्ग उघडणारी-मिटणारी झडप) अडकला असेल तर गाडी पळतानाही तापते.

करूळ घाट उतरण्याआधी गगनबावड्यातच तपासून घ्या. उतारावर इंजिनाला ताण नसतो, त्यामुळे वैभववाडीपर्यंत सगळं ठीक वाटतं. त्रास होतो तो परतीच्या चढाला. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताकद लावत असतं, वेग कमी असतो आणि वळणांवर गाडी बाजूला घ्यायला जागाही फारशी नसते.

गाडी चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर चालू झाला की थोड्याच वेळात फॅन फिरायला हवा. नाही फिरला तर इंजिन बंद करून बॉनेटखालच्या बॉक्समधला फॅनचा फ्यूज पाहा, बहुधा 30 किंवा 40 अँपिअरचा असतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळून चालवू नका, वायरिंग पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज शाबूत असेल तर मग रिले, म्हणजे फॅनला करंट जोडणारा छोटा स्विच. त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून पाहा. तरीही फॅन गप्प असेल तर इग्निशन चालू ठेवून कूलंट टेम्परेचर सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. अनेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सावधगिरी म्हणून फॅन फुल स्पीडवर चालवतो. फॅन फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, सेन्सर संशयित. चेक इंजिनचा दिवा मात्र लागेल.

आता फॅनचा कपलर, कारण बरेच जण इथेच फसतात. कपलर काढून नुसता मल्टिमीटर लावला तर गंजलेल्या जोडातूनही 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. फॅन 10 ते 20 अँपिअर ओढतो. म्हणून त्या दोन पिनांवर हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावून पाहावा. या गाडीत मीटर 12.4 दाखवत होता आणि बल्ब मात्र लालसर मिणमिणत होता. बॅटरीच्या निगेटिव्हवरून वेगळी वायर बल्बला दिली तर तो लखलखीत पेटला. म्हणजे अर्थिंग, बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारा जोड, खराब. बॉडीवरचा नट सोडला तर टर्मिनलखाली हिरवट-पांढरी पूड साचली होती. गगनबावड्याच्या पावसात असे जोड लवकर खराब होतात. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून नट आवळला, वर ग्रीस लावलं आणि फॅन फिरला. बल्ब प्रखर पेटूनही फॅन गप्प असता तर मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेले समजावेत.

मोटर बॅटरीवर थेट लावून बघायची असेल तर मधे 30 अँपिअरचा फ्यूज हवाच. वायरी उलट्या जोडल्या तर हवा उलटी फेकली जाते. कपलरला तीन-चार वायरी असतील तर मोटरवर वेग सांभाळणारा कंट्रोलर असू शकतो. तिथे थेट सप्लाय देऊ नका. हात घालण्याआधी इग्निशन बंद करून चावी काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो.

फॅन दुरुस्त होत नसेल तर घाट उतरू नका. कोल्हापूरकडे निघा, एसी बंद, हीटर फुल, वेग पन्नास-साठ. काटा लालकडे सरकला की थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर बदलून घेताना नवीन फॅनची पाती कोणत्या दिशेने फिरतात आणि हवा इंजिनाकडे येते का, हे कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरून तिथेच पाहा: कागद जाळीला चिकटला पाहिजे.