दोन साच्यांपासून सातपुड्याच्या उतारापर्यंत : आमची वाटचाल

वडिलांनी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात घरामागच्या खळ्यात कुंपणाचे सिमेंटचे पोल ओतायला सुरुवात केली, तेव्हा साचे दोनच होते. आज ओतायचे, उद्या साचा सोडायचा, मग गोणपाट टाकून पंधरा दिवस पाणी मारायचं. पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा. दुपारचं आई बघायची, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात ओलं गोणपाट तासाभरात खडखडीत होतं. पाणी कमी पडलेला पोल वरून दिसत नाही, पण गाडीतून उतरवताना तडकतो. तसा पोल वडील गिऱ्हाइकाला कधी देत नसत, बाजूला टाकायचे.

ते पोल तापीकाठच्या केळीच्या बागांना जायचे. जमीन सपाट, दोरी धरली की ओळ सरळ. काळ्या मातीची खोड मात्र तिथेच कळली. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि वरवर गाडलेल्या पोलाला कलवून टाकते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यायचा आणि तोंडापेक्षा तळाशी रुंद ठेवायचा, हे आमच्या मिस्त्रींनी मला पहार हातात देऊन शिकवलं. पुढे मी धंद्यात आलो, कर्ज काढून जाळी विणायचं मशीन घेतलं, पत्नीने हिशेब हातात घेतला.

पहिलं उताराचं काम सातपुड्याच्या पायथ्याला मिळालं. शेत एका अंगाने चढत गेलेलं, मध्ये नाला. रानडुकरं मक्यात शिरायची, रोही म्हणजे नीलगाई हरभरा खाऊन जायचे, म्हणून मालक आबांना चारही बाजूंनी जाळी हवी होती. वैशाख होता. नाल्यात गोटे आणि वाळू, पाण्याचा थेंब नाही. खड्डे चालू असताना शेतावरचा सालदार म्हणाला, "आठे कंबरइतलं पानी येस, भाऊ." म्हणजे इथे कमरेइतकं पाणी येतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. नाल्यातून सरळ जाळी ओढली, पोलांना दोन-दोन फूट काँक्रीट भरलं आणि वरपासून खालपर्यंत एका रेषेत उभं राहिलेलं कुंपण आबांना अभिमानाने दाखवलं.

आषाढात फोन आला. डोंगरात पाऊस झाला होता. पाला, काटक्या, मुळं जाळीत अडकत गेली आणि जाळीचाच बांध झाला. पाण्याने तो ढकलला आणि नाल्यातले आठ पोल काँक्रीटच्या गोळ्यांसकट उपटले. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. नाल्यापासून लांब, जिथे पाण्याचा संबंध नाही अशा एका खोलगट जागी एक पोल वीतभर वर आला होता. धरून हलवला तर पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्याला कोणी धक्का दिला नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंचे पोल उंचावर होते, ताणलेली तार त्या दोघांमधली सरळ रेषा धरू पाहत होती आणि रेषेखाली असलेल्या या पोलाला रात्रंदिवस वर ओढत होती. उंचवट्यावरच्या पोलाला हीच तार खाली दाबते, म्हणून तो घट्ट राहतो. सपाट जमिनीवर इतकी वर्षं काम करून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वडील एवढंच म्हणाले, "पैशाचं नंतर बघू, आधी त्यांचं उभं करून दे." आमच्या खर्चाने ते काम पुन्हा केलं. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. आबांनी त्यानंतर आम्हाला भावकीतली तीन कामं दिली.

तेव्हापासून खोलगट जागेचा पोल आम्ही तीन फूट खाली नेतो, त्याच्या बुडाशी आडवी सळई घालतो, म्हणजे काँक्रीटची पकड सुटत नाही. चढ जिथे बदलतो तिथे टेकू दिलेला मजबूत पोल घेतो आणि तार तिथे तोडून पुन्हा ताणतो. सलग एका दमात ताणत नाही. नाल्यात पोल गाडणं बंदच केलं. दोन्ही काठांवर जाड पोल, त्यांच्यामध्ये वरून लोखंडी दोर आणि त्या दोराला पडद्यासारखे लोंबणारे जाळीचे तुकडे. त्यांच्या खालच्या कडेला वजनासाठी पाइप बांधतो, पण जमिनीला काही बांधत नाही. पूर आला की पडदे उचलले जातात, पाला निघून जातो, पाणी ओसरलं की ते परत खाली बसतात. पावसाळ्यात दोनदा जाऊन त्यांच्यात अडकलेलं काढावं लागतं. हे काम शेतकऱ्याने करायचं की आम्ही, ते आधीच ठरवून घेतो.

नवीन पोरांची एक चूक ठरलेली असते. उतारावर नजर फसते आणि ती पोल जमिनीला काटकोनात लावतात. पोल ओळंब्यातच, म्हणजे सरळ उभा हवा, जमीन कशीही असो. जाळीचं तसं नाही, ती जमिनीबरोबर चालली पाहिजे. थोडा चढ असला तर जाळीचे चौकोन तिरके होऊन ती जमते. चढ जास्त असला तर जाळीतली एक नागमोडी तार फिरवत फिरवत वर काढायची, जाळी तिथे सुटते, मग नव्या कोनात धरून तीच तार परत फिरवून घालायची. शिवण उसवून पुन्हा घालावी तसं हे काम आहे. आमच्याकडच्या दोन पावरा आदिवासी बायका ते कोणत्याही मिस्त्रीपेक्षा सफाईने करतात आणि त्यांची हजेरी मिस्त्रीच्याच दराने लागते.

जाळीऐवजी तयार जोडलेले लोखंडी पॅनल असतील तर पायऱ्या पाडाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट राहते. डुक्कर तिथूनच नाक घालतं. शेतातलेच दगड रचून ती फट बंद करतो, किंवा खालून काटेरी तारेचा एक जादा पदर देतो.

मापाचंही सांगायला हवं. मोजणीच्या नकाशातलं अंतर आडवं असतं. 100 फुटांत 30 फुटांचा चढ असेल तर जाळी 104 फुटांहून जास्त लागते. एका कामात हजार फुटांची अख्खी बाजू अशीच चढती होती आणि आमचा पन्नास फुटांचा जवळजवळ एक पूर्ण बंडल कमी पडला. आता पत्नी नकाशावरून अंदाजपत्रक लिहीतच नाही, मी उतारावरून दोरी धरून आलो की मगच लिहिते. तारेचा ताणही ऋतू बघून देतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, थंडीच्या पहाटे 10 च्या खाली येतो. एवढ्या फरकाने 100 मीटर तार चार सेंटिमीटर लांबते. मे महिन्यात ढिली दिसली म्हणून कचकचून ओढली, तर पौषात ती कोपऱ्याचा पोल वाकवते.

एक काम मात्र आम्ही घेत नाही. घरची किंवा मोटारीची लाइन कुंपणात सोडून द्या, असं सांगणारे अजूनही भेटतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारचा माणूस मरतो. झटका मशीन लावायचं असेल तर ठोक्याठोक्याने झटका देणारं, बॅटरी आणि सोलरवर चालणारं चांगलं मशीन घ्या. ते आम्ही बसवून देतो. थेट करंटचं नाव काढलं की मी चहा पिऊन उठतो.

या हंगामात धडगावच्या बाजूला आंब्याच्या बागेचं काम आलं आहे. शेवटचा चढ गाडी जात नाही. आमचा सिमेंटचा पोल साधारण 50 किलोचा, तो डोक्यावर नेणं माणसाचे हाल करणं आहे, म्हणून तिथे लोखंडी अँगल वापरणार आहोत. मधे दोन नाले आहेत. परवा दोरी, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी घेऊन निघतोय, आणि तिथल्या सालदाराला आधीच निरोप दिला आहे, की दिवसभर माझ्याबरोबर फिरायचं.