तुम्ही विचारलंत म्हणून: "किती झालं?"

दुकानात औषध घ्यायला येणारं ओळखीचं माणूस हमखास विचारतं, "मॅडम, तयारी कुठवर आली? किती टाइम लागतो आता?" घरी सासूबाई रोज विचारतात, "आज किती झालं गं?" प्रश्न मायेचा असतो, तरी मी दर वेळी अडखळते. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

मला गोव्याची आयर्नमॅन 70.3 ही शर्यत करायची आहे. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल आणि त्यावर 21.1 किलोमीटर धावायचं. मैलांत बेरीज केली की 70.3 येते, म्हणून ते नाव. हे सगळं साडेआठ तासांत. पोहणं 70 मिनिटांत संपलं नाही तर पुढे जाऊच देत नाहीत.

मी 44 वर्षांची. पोहता येतं अशी माझी पक्की खात्री होती. माहेरच्या विहिरीत काकांनी कमरेला डबा बांधून ढकललं, तेव्हापासून येतं. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे मान वर, गप्पा चालू, चार हात मारले की पायरी. टँकमध्ये 25 मीटरला 34 हात लागले आणि मी काठ धरून धापा टाकत उभी राहिले. मान वर काढली की कंबर आणि पाय खाली जातात, मग आपण पाणी कापत नाही, अंगाने ढकलत राहतो. ही सवय मोडायला चार महिने गेले. डोकं पाण्यात, नजर तळाच्या फरशीवर, आणि श्वास पाण्यातच सोडायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. जीव घाबरून हवा धरून ठेवतो, मग तोंड बाहेर आलं की त्या एका क्षणात सोडायचंही असतं आणि घ्यायचंही. त्यातच दम लागतो. ते चार महिने घड्याळ जागचं हललं नाही, पण हात कमी होत गेले: 34, 31, 28. घड्याळ मागाहून आलं. आज शंभर मीटरला 2 मिनिटं 50 सेकंद लागतात, मर्यादेच्या हिशोबाने 3:40 चालतात.

म्हणजे "किती टाइम" असं विचारलंत, तर त्या चार महिन्यांत टाइममध्ये फरक शून्य होता. आणि माझी खरी कमाई त्याच चार महिन्यांतली आहे.

धावण्यात मी उलटी चूक केली. रोज कालच्यापेक्षा जोरात. तिसऱ्या महिन्यात नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरवेना. सहा आठवडे घरी बसले, त्या दिवसांत खूप रडले. परत सुरू केलं ते नाडीचे ठोके 140 च्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवून. शाहू स्टेडियमवर तेव्हा एका किलोमीटरला 9 मिनिटं 10 सेकंद लागायची, मधे मधे चालावंही लागायचं. आता त्याच ठोक्यांत 7:50 लागतात. सावकाश धावण्याने स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साठवलेली साखर पुरवून वापरतं. जोर लावला तर ती साखर दोनेक तासांत संपते, आणि मला तर आठ तास काढायचे आहेत. फक्त तुलना करायची तर पहाटेची पहाटेशीच करावी, उन्हात ठोके आपोआप वाढतात.

खाण्याचंही शिकावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेढ्याच्या रस्त्याला पहिल्यांदा लांब सायकल मारली तेव्हा नुसत्या पाण्यावर गेले. येताना हात थरथरायला लागले, रस्त्याच्या कडेला बसून राहिले. आता खिशात गूळपोळीचे तुकडे असतात. भूक असो नसो, दर अर्ध्या तासाला एक, तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघते. सोबत मीठ घातलेलं लिंबूपाणी. आधी पोट ढवळायचं, आता पचतं. ही प्रगती कुठल्याच घड्याळात दिसत नाही.

फेब्रुवारीत मिरामारला जाऊन पोहून आले. तिथे तळाला रेघ नाही, धरायला काठ नाही. आठ-दहा हात झाले की डोळे पाण्यावर काढून दिशा बघायची. ती मान उचलणं मला लगेच जमलं, विहिरीतली जुनी सवयच होती ती. फक्त आता क्षणापुरती. पाण्यातून बाहेर आले तेव्हा काकांची फार आठवण आली.

परवा टँकवरून आले. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आज किती झालं गं?"

"चोवीस."

"हात ना?" त्यांनी मान वर करून विचारलं. "गेल्या आठवड्यात सव्वीस होते."