मनगटावरचं ब्रेसलेट

शनिवार, रात्रीचे दोन

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा व्हिडिओ गेम आज दुसऱ्यांदा संपवला. (ज्यांनी अजून खेळला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळा शेवट सांगितलाय.)

पहिल्यांदा खेळले तेव्हा शेवटाला इतकी रडले होते की पडद्यावर काय चाललंय ते धड दिसलंच नव्हतं. आज डोळे कोरडे होते, म्हणून दिसलं.

एली, म्हणजे गेमची नायिका, सूडाच्या शेवटच्या मारामारीनंतर सँटा बार्बराहून परत येते, शेतावरच्या त्या घरी. घर रिकामं. तिची जोडीदार डीना बाळाला घेऊन गेलेली, तिचं सामानसुद्धा नाही. एका खोलीत तेवढ्या एलीच्या वस्तू ठेवलेल्या. ती गिटार उचलते, मांडीवर घेते, आणि डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असल्यामुळे सूर अर्धवट उमटतात. इथवरचं ज्यांनी ज्यांनी खेळलंय त्यांना आठवत असणारच. मी मात्र तिथे पॉज केलं, कारण तिच्या मनगटावर ब्रेसलेट दिसलं.

ते डीनाचं. सिएटलमध्ये तिनेच एलीला दिलेलं. पण सँटा बार्बराच्या सगळ्या मारामारीत ते एलीच्या हातात नव्हतं. मग आता कुठून आलं?

हे शोधणारी मी पहिली नाही. 2020 साली गेम आला तेव्हापासून चाहते यावर बोलताहेत. त्यांचं म्हणणं असं की एली आधी जॅक्सनला, त्यांच्या जुन्या गावी गेली, डीनाला भेटली, आणि मग केवळ या घराचा निरोप घ्यायला इथे आली. म्हणजे घर रिकामं आहे हे तिला दारात पाऊल टाकण्याआधीच ठाऊक होतं. म्हणजे शेवटी गिटार खिडकीपाशी ठेवून ती झाडांकडे चालत जाते, तेव्हा ती परत जात असते. तिकडे कुणीतरी आहे.

एवढ्याशा ब्रेसलेटवर केवढा मोठा डोलारा! सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. तरीही मी पंधरा मिनिटं ते एकच दृश्य पुढे-मागे करत बसले होते.

धाकटा पाणी प्यायला उठला होता, त्याला दाखवलं. तो एक क्षण बघून म्हणाला, "ताई, कॅरेक्टरचं जुनं मॉडेल टाकलं असेल गं त्यांनी. कुणीतरी बदलायला विसरलं असेल. झोप आता."

मग मीही पडले, पण झोप कुठली लागायला!


रविवार, दुपार

सकाळपासून त्याचंच वाक्य डोक्यात घोळतंय. विसरलं असेल.

असं होतं, नाकारत नाही. पण मग मी परत जाऊन तिची बोटं बघितली. सँटा बार्बरात ती चावून तुटलेली, रक्ताळलेली होती. घरी येते तेव्हा जखमा भरून आल्यात, त्यावर कातडी धरलीय. म्हणजे कुणीतरी बसून, मधे किती दिवस गेले असतील याचा हिशेब करून, ती बोटं नव्याने घडवली. कपडे वेगळे दिले. ज्या माणसाने बोटांवरच्या व्रणाचा इतका विचार केला, तो त्याच्यापासून वीतभर अंतरावरच्या मनगटाला विसरला असेल? मला नाही पटत.

शिवाय हाच गेम एकदा संपवला की पहिल्या पडद्यावरचं चित्र बदलतं. धुक्यातली होडी जाऊन उजाडलेला किनारा दिसतो, मागे कॅटलिना बेटावरची ती गोल इमारत. ॲबी (जिच्या मागावर एली सँटा बार्बराला गेली होती ती) आणि तिच्यासोबतचा लेव्ह तिथे पोहोचले, हे कुणीही तोंडाने सांगत नाही. मेन्यू सांगतो. जे लोक मेन्यूतून निरोप पोहोचवतात ते मनगटातूनही पोहोचवू शकतात.

सिनेमाचं शूटिंग चालू असताना आकाशातून एखादा पक्षी उडून जातो आणि तसाच चित्रात राहतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. गेममध्ये हे शक्य नाही. टेबलावरचा कप, भिंतीवरचा डाग, खिडकीतून येणाऱ्या उन्हातली धूळ, सगळं कुणीतरी आणून ठेवावं लागतं. म्हणून गेम खेळणाऱ्याच्या मनात संशय आपोआप येतो. ही गोष्ट इथे ठेवली, ती का? हा प्रश्न वेडेपणाचा नाही, या माध्यमात तो रास्त आहे.

अर्थात 'का' याचं उत्तर दर वेळी कथेत असतंच असं नाही. पहिल्या 'सायलेंट हिल'मधलं धुकं घ्या. 1999 चा गेम, त्या वेळच्या प्लेस्टेशनला दूरवरचं शहर एका वेळी दाखवणं झेपायचं नाही. मग जे दाखवता येत नाही ते धुक्याने झाकलं. मशीनची अडचण होती. पण त्या धुक्यात शिरल्यावर दहा पावलांपलीकडे काय उभं आहे ते कळत नाही, आणि सगळी भीती तिथूनच जन्मते. पुढच्या गेममध्ये ताकदवान मशीन आलं तरी धुकं गेलं नाही. आता ते काढलं तर तो सायलेंट हिलच राहणार नाही.

त्याच मालिकेतला दुसरा, 2001 चा. जेम्स नावाचा माणूस मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून त्या गावात जातो. एका अपार्टमेंटमध्ये टीव्हीसमोर खुर्चीत एक प्रेत बसलेलं असतं. नीट बघितलं तर अंगावर जेम्सचेच कपडे. काही जण म्हणाले, नवीन मॉडेल करायचे कष्ट वाचवले. काही जण म्हणाले, नाही, हा जेम्सच आहे, तो इथे पुन्हा पुन्हा येतो आणि पुन्हा पुन्हा मरतो. वर्षानुवर्षं हा वाद चालला.

मग 2024 मध्ये ब्लूबर टीम नावाच्या कंपनीने तो गेम नव्याने केला आणि त्यात ठिकठिकाणी 26 विचित्र फोटो टाकले. प्रत्येकावर एक ओळ लिहिलेली. काही आठवड्यांनी एका चाहत्याने ते कोडं सोडवलं. फोटोतल्या वस्तू मोजायच्या, आणि जितक्या भरतील तितकावं अक्षर त्या ओळीतून उचलायचं. सव्वीस फोटोंची सव्वीस अक्षरं जुळवल्यावर इंग्रजीत वाक्य तयार झालं: तू इथे दोन दशकं आहेस.

हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आज लिहितानाही येतोय. जेम्स तिथे अडकलाय. आणि 2001 पासून आपणच त्याला परत परत तिथे नेतोय. टीव्हीसमोरच्या प्रेताचा कीस काढत बसलेल्या लोकांना लोक वेडे म्हणत होते. त्यांचा तो विचार पुढच्या कलाकारांपर्यंत जाऊन पोहोचला आणि गेमचा भाग होऊन परत आला. टीमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरनेही कोडं सुटल्याचं जाहीरपणे मान्य केलं.


सोमवार, रात्र

दर वेळी असं सार्थक होत नाही, तेही लिहून ठेवते.

'डार्क सोल्स', 2011. सुरुवातीलाच एक भेटवस्तू निवडायला मिळते. त्यात एक पेंडंट आहे आणि त्याच्या वर्णनात सरळ लिहिलंय की याचा काही उपयोग नाही, फक्त गोड आठवणी प्रवासात सोबत करतात. पण दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी बोलण्याच्या ओघात सांगून गेले की मी असतो तर पेंडंट घेतलं असतं, नाहीतर काहीच नाही. झालं! लोकांनी ते पेंडंट घेऊन प्रत्येक दार, प्रत्येक पुतळा, प्रत्येक पात्र पालथं घातलं. काहीच उघडलं नाही. पुढच्या वर्षी मियाझाकींनी सांगून टाकलं की ती थट्टा होती.

चिडलेले पुष्कळ होते. मी नाही चिडले. त्या गेममध्ये कथा कुणी समोर बसून सांगत नाही. तलवारीच्या, अंगठीच्या, जळक्या कापडाच्या वर्णनात दोन-दोन ओळी असतात आणि त्या आपण जोडायच्या. मियाझाकी लहानपणी इंग्रजी पुस्तकं वाचायचे, सगळं कळायचं नाही, मग न कळलेल्या जागा कल्पनेने भरायचे. त्यातूनच ही पद्धत आली असं त्यांनीच सांगितलंय. ज्याने आपल्याला प्रत्येक ओळ जपून वाचायला शिकवलं, त्याच्या गेममधली एक ओळ लोकांनी जरा जास्तच जपून वाचली, एवढंच. आणि पेंडंट शोधायच्या त्या दिवसांत मी ज्या ज्या कोपऱ्यात गेले, ते एरवी कधीच बघितले नसते. एका पडक्या भिंतीमागे कितीतरी वेळ नुसतं ऊन बघत उभी होते.

'शॅडो ऑफ द कलोसस'चं तर काय सांगावं. 2005 चा गेम, ओसाड प्रदेश, सोळा महाकाय प्राणी. सोळावा पडला की कथा संपते. पण काही लोकांना ते पटेना, एवढ्या रिकाम्या प्रदेशात सतरावा कुठेतरी असणारच. कडे चढले, घोड्यावरून नकाशाचा कोपरा न् कोपरा फिरले, देवळाच्या शिखरावरच्या गुप्त बागेपर्यंत पोहोचले. सतरावा नव्हताच. गंमत म्हणजे त्यांचा वास अगदीच चुकीचा नव्हता. गेमचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांच्या मनात आधी 48 प्राणी होते, मग 24 झाले, शेवटी 16 उरले. त्या रिकाम्या जागांमधून जे जाणवत होतं ते न केलेल्या गोष्टींचं रिकामेपण होतं. आणि 2018 ला ब्लूपॉइंट या कंपनीने नवी आवृत्ती काढली, तेव्हा त्या प्रदेशात 79 सोनेरी नाणी लपवून ठेवली. सगळी गोळा केली की एक बंद दार उघडतं आणि आत एक तलवार मिळते. इतकी वर्षं तिथे भटकणाऱ्यांसाठी कुणीतरी ठेवलेली.


मंगळवार, पहाटे

हे लिहायचं टाळत होते.

2012 च्या मार्चमध्ये 'मास इफेक्ट 3' आला. तीन गेम, शेकडो तास, नायिका शेपर्डचा एकेक निर्णय माझा. आणि शेवटी तीन रंगांच्या तीन वाटा, की संपलं. मला ते सहन झालं नाही. मी एकटी नव्हते, जगभर हेच झालं. थोड्याच दिवसांत इंडॉक्ट्रिनेशनची थिअरी आली आणि मी तिला घट्ट धरलं.

थिअरी अशी. रीपर हे शत्रू माणसाचं मन हळूहळू आपल्या बाजूला वळवतात, हे गेममध्येच आहे. मग शेपर्डवरही तेच झालं असेल तर? पुरावे भरपूर. पृथ्वीवर सुरुवातीला एक लहान मुलगा दिसतो, त्याच्याशी शेपर्डशिवाय कुणी बोलत नाही. मागे वळून बघावं तर तो नाहीसा. पुढे तो यानात चढतो तेव्हा त्याला हात द्यायला कुणी येत नाही. म्हणजे तो नव्हताच! शेवटी जी शक्ती शेपर्डशी बोलते ती त्याच मुलाच्या रूपात येते. म्हणजे शेवटची पंधरा-वीस मिनिटं शेपर्डच्या डोक्यातच घडली.

मी या थिअरीसाठी रात्र रात्र भांडलेय. एका जवळच्या मैत्रिणीशी तर इतकं तोडून बोलले की पुढचे काही महिने आमचं बोलणंच नव्हतं. जूनमध्ये गेम बनवणाऱ्या बायोवेअरने शेवटात भर घालून तो फुकट दिला. त्यात काही जागा उलगडल्या, पण 'हे सगळं स्वप्न होतं' असं कुठेही म्हटलं नाही.

आज त्या थिअरीकडे बघताना तिची हुशारी अजूनही आवडते. मुलाकडे बारकाईने बघायला तिनेच शिकवलं. पण मला ती हवी होती ती वेगळ्याच कारणासाठी. शेपर्ड मेलेली मला नको होती. सगळे तपशील मी त्या एका नकाराच्या दावणीला बांधले होते. आणि तो मुलगा खरा होता, शेपर्डला त्याला वाचवता आलं नाही, म्हणूनच तो तिच्या स्वप्नात येत राहतो, हे कितीतरी साधं आणि कितीतरी जास्त दुखणारं वाचन माझ्या हातातून निसटलं. मुलगा भास ठरवला की शेपर्डचं दुःखही भासच ठरतं.

तेव्हापासून कुठलीही थिअरी समोर आली की मी एवढंच बघते: हिच्यामुळे माझं त्या पात्रावरचं लक्ष वाढतं, की त्या पात्राने जे सोसलं ते पुसलं जातं? जेम्सची वीस वर्षं मानली तर त्याचा अपराध आणखी जड होतो. 'तो आधीच मेला होता', 'हे सगळं कोमात घडलं' असल्या थिअऱ्यांनी मात्र काहीच उरत नाही. त्यातले बादरायण संबंध कितीही सुबक असोत, मला त्या नकोशा वाटतात.

मग ब्रेसलेटचं काय? तिथेही मला एली सुखी हवी आहे म्हणून मी बघतेय का? रात्रभर स्वतःला हेच विचारतेय. हवी आहे, हे तर खरंच. पण ब्रेसलेट मान्य केलं तरी बोटं परत येत नाहीत, तिला बापासारखा असलेला जोएल परत येत नाही, गिटार परत पूर्वीसारखी वाजत नाही. फक्त एवढंच होतं की त्या रिकाम्या घरात ती स्वतःच्या पायांनी, सगळं माहीत असून शिरते. आणि मग तिचं ते खोल्याखोल्यांतून सावकाश चालणं मला वेगळं दिसायला लागतं. मघाशी पुन्हा बघितलं. ती कुणाला हाक मारत नाही.


मंगळवार, रात्र

जेवण झाल्यावर धाकटा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, तुझ्याकडे सँटा बार्बराचं सेव्ह आहे का? मला तिथलं मनगट बघायचंय."

मी सरकून त्याला जागा करून दिली.